लोहचुंबकाच्या दारात

उस्ताद, गेल्या महिन्यात एका बाईंनी मला विचारलं, तुमच्या डोळ्यातला लोखंडाचा कण कोणी काढला होता, आणि मी म्हणालो, उस्तादांनी. त्यांना ते आडनाव वाटलं. "डॉक्टर उस्ताद? कुठे बसतात?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बसत नाहीत, उभेच असायचे, ग्राइंडिंगच्या मशीनवर. त्यावर त्या हसल्या नाहीत. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि मला समोरच्या बाकावर बसायला सांगितलं. तुम्हाला जाऊन दहा-अकरा वर्षं झाली. एवढ्या काळात तुमची आठवण अनेकदा आली, पण तुम्हाला काही विचारायला हवं असं पहिल्यांदाच त्या बाकावर वाटलं. जे विचारायचं होतं ते एका वाक्याचं होतं. ते लिहायच्या आधी मागचं सगळं सांगायला हवं, कारण तुम्ही ओळखत होता तो अंबरनाथच्या कारखान्यातला चोवीस-पंचवीस वर्षांचा, पदवी घेऊन तुमच्या हाताखाली ट्रेनी म्हणून आलेला मुलगा. तुम्ही त्याला कधी नावाने हाक मारली नाही, बीएस्सी म्हणायचात. तो बीएस्सी आता चाळिशी ओलांडलेला आहे, तपासणी विभागात टेबलखुर्चीवर बसतो, बदलापूरला राहतो, आणि त्याचं लिव्हर बिघडलं आहे.

बिघडलंय हे मला स्वतःला कधी जाणवलं नव्हतं. कारखान्याच्या वार्षिक तपासणीत रक्तातला एक आकडा वर आला, पुढच्या वर्षी आणखी वर. आपल्याकडे लिव्हर म्हटलं की एकच कारण धरतात. आमच्या विभागातला एक जण कँटीनमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, तुम्ही पण? आणि आम्हाला कधी बोलावलं नाही?" मी हसलो, पण घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्याला उत्तरं देत होतो. उल्हासनगरचे जे पोटाचे डॉक्टर आहेत त्यांनी मात्र दारूचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, कधी रक्त चढवलं होतं का. चढवलं होतं. तुम्हाला आठवत असेल, माझं अपेंडिक्स फुटलं होतं आणि तुम्ही शिफ्ट संपवून तसेच काळ्या हातांनी भेटायला आला होता. नर्सने तुम्हाला दारातच थांबवून हात धुवायला लावले होते. तेव्हा मला ज्या बाटल्या लावल्या, त्यातल्या एखाद्या बाटलीतून काविळीची एक जात आत आली असावी, असं डॉक्टर म्हणाले. त्या काळात ती जात तपासायची सोयच नव्हती, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा प्रश्नच नाही. ती तेव्हापासून गुपचूप काम करत राहिली. लिव्हर हळूहळू आतून धाग्यांनी विणलं जातं, आकसतं, कडक होतं. किती झालंय हे बघायचा नेहमीचा मार्ग म्हणजे बरगड्यांमधून जाड सुई घालून लिव्हरचा बारीक तुकडा काढायचा आणि तो भिंगाखाली धरायचा. पण माझ्या रक्तातल्या गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या आहेत. "सुई घातली तर रक्त वेळेवर थांबेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले की आता मुंबईत एक मशीन आलंय, एमआरआय. त्यात काही टोचत नाहीत, कापत नाहीत. त्यावरून लिव्हरचा आकार, कड, त्यात चरबी किंवा लोह साठलंय का, कुठे गाठ आहे का, हे दिसतं. ते स्पष्ट दिसलं तर सुई टाळता येईल.

हे मशीन कसं चालतं ते मी वाचून काढलं. पदार्थविज्ञान घेतलं होतं त्याचा इतक्या वर्षांत झालेला हा पहिला उपयोग. वाचताना मी सारखा तुम्हाला समजावून सांगत होतो. तुम्हाला समजावून सांगायची माझी ती जुनी खोड आहे, आणि तुम्ही तंबाखू मळत "मग?" म्हणायचात तेही मला ऐकू येत होतं. माणसाच्या अंगात पाणी आहे, उस्ताद. त्या पाण्याच्या प्रत्येक थेंबात असंख्य अतिसूक्ष्म चुंबक आहेत, आणि ते एरवी कुठेही तोंड करून बसलेले असतात. माणसाला एका प्रचंड लोहचुंबकाच्या पोटात सरकवलं की ते सगळे रांगेत येतात. मग बाहेरून रेडिओच्या लहरीचा एक धक्का द्यायचा. रांग डळमळते, आणि पुन्हा जागेवर येताना ते चुंबक स्वतः एक बारीक लहर सोडतात. पाण्यातले एका चालीने परत येतात, चरबीतले वेगळ्या चालीने, आणि जिथे लोह साठलंय तिथले इतके लवकर विझतात की तो भाग चित्रात काळा दिसतो. मशीन हे सगळं ऐकतं आणि त्यातून चित्र काढतं. न उघडता, बाहेरून साद द्यायची आणि आतून काय येतं ते ऐकायचं. इथवर वाचलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं, कारण तुम्ही मशीनवर नवीन चाक चढवण्यापूर्वी काय करायचात ते मला आठवलं. दगडाचं चाक बोटावर लटकवून पेचकसाच्या लाकडी मुठीने त्याला हलकी टिचकी मारायची. टण्ण असा खणखणीत आवाज आला तर चाक चांगलं. बद्द वाजलं तर आत कुठेतरी तडा आहे, चढवायचं नाही. ग्राइंडिंगवरच्या प्रत्येकाला हे येतं, पण मला ते पहिल्यांदा तुम्ही दाखवलंत. "कान दे," म्हणालात. मी कान दिला आणि मला दोन्ही चाकं सारखीच वाजली.

त्याच वेळी मला ते दुसरं चाकही आठवलं, जे तुमच्या हातात चांगलं वाजलं होतं आणि दुपारी फुटलं. कोणाला लागलं नाही, तुकडे लोखंडी झाकणात अडकले. तुम्ही बराच वेळ त्या तुकड्यांकडे बघत उभे होता. मी विचारलं, असं कसं झालं, तर तुम्ही चिडलात. "वाजला चांगला म्हंजे आत चांगलाच असंल, असं लिवून दिलंय का त्यानं?" हे वाक्य मी कधीच विसरलो नव्हतो, पण त्याचा अर्थ मला नव्याने लागला तो डॉक्टरांनी एमआरआयबद्दल जवळजवळ तेच सांगितलं तेव्हा. चित्र सुंदर येतं, ते म्हणाले, पण धागे किती दाट झालेत, लिव्हर किती कडक झालंय, हे त्या चित्रावरून नक्की सांगता येत नाही, अंदाज करावा लागतो.

तर त्या मशीनच्या दारात मी पोचलो. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात ते आहे. घड्याळ, किल्ल्या, पट्टा, सगळं काढून ठेवायला लावतात, कारण ते चुंबक कधी बंद होत नाही, रात्रंदिवस चालूच असतं. मग सुरुवातीला सांगितल्या त्या, तिथल्या बाई एकेक विचारत गेल्या. हृदयात मशीन बसवलंय का, हाडात सळई आहे का, कधी गोळी लागली होती का. मी सगळ्याला नाही म्हणत होतो आणि मला त्या प्रश्नांची थोडी गंमतही वाटत होती. मग त्यांनी विचारलं, वेल्डिंग, लेथ, ग्राइंडिंग, असलं काही काम केलंय का, डोळ्यात कधी लोखंड गेलं होतं का. मी म्हणालो, गेलं होतं, पण काढलं. आणि मग ते डॉक्टर उस्तादांचं झालं. त्यांनी मला नीट समजावलं. डोळ्याच्या आत बारीकसा कण राहून गेला असेल तर माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. पण या चुंबकात गेल्यावर तो कण हलतो, आणि हलला तर डोळा आतून फाटू शकतो. "तुमचे उस्ताद चांगलेच असतील," त्या म्हणाल्या, "पण आम्ही त्यांच्या शब्दावर तुम्हाला आत नाही सोडू शकत. डोळ्यांचा एक्सरे आणा." म्हणजे कण निघाला असेल तर मशीन, राहिला असेल तर सुई. त्या दिवशी तुम्ही मला सांगितलेला एक शब्द खरा होता की खोटा, यावर सगळं येऊन ठेपलं.

तो दिवस मला असा दिसतो. दसरा तोंडावर आलेला. कारखान्यात खंडेनवमीची तयारी चालली आहे, मशीन पुसून तिला झेंडूची माळ घालायची, आणि ज्या विभागात वर्षभर अपघाताची नोंद झाली नाही त्या विभागाच्या उस्तादाने मोठ्या साहेबांच्या बरोबरीने नारळ फोडायचा. त्या विभागातल्या प्रत्येकाला स्टीलचा डबा. भिंतीवर फळा आहे आणि आपल्या विभागापुढे खडूने शून्य लिहिलेलं आहे. मी चष्मा, तो संरक्षणाचा गॉगल, कपाळावर चढवून मशीनशी वाकलोय, कारण त्याच्या काचा ओरखडून आंधळ्या झाल्यात. एकदम डाव्या डोळ्यात ठिणगी चावते. मी डोळा दाबून खाली बसतो. कोणीतरी म्हणतं, दवाखान्यात न्या. तुम्ही म्हणता, "कशाला? दवाखान्यात गेला की नोंद झाली." आणि माझा हात मनगटाशी धरून खाली ओढता. "बीएस्सी, डोला चोलू नको. चोललास तर गेला."

मग नेहमीचा विधी. तुमच्याकडे माणसं आजूबाजूच्या विभागांतूनही यायची, डोळ्यातला कण काढायला. मला खिडकीखालच्या पेटीवर बसवलंत. काडेपेटीतली काडी, तिच्या टोकाला कापूस. दुसऱ्या काडीवर पापणी उलटी गुंडाळली. तुमच्या बोटांना तेलाचा आणि तंबाखूचा वास. "वर बग. छप्पर बग. बायको आनशील तिचा तोंड आठव." कापसाने दोनदा पुसलंत, मला डोळ्यांपुढे पांढरं दिसलं. मग खिशातून तो चुंबक काढलात, उल्हासनगरच्या बाजारातल्या सिंधी दुकानदाराकडून मोडक्या स्पीकरमधून काढून आणलेला, आणि पापणीच्या अगदी जवळ धरलात. मग तुम्ही चुंबक कागदावर आपटून म्हणालात, "निगाला. हा बग चोर." कागदावर काळा ठिपका होता. सगळ्यांनी बघितला. कण ज्याच्या डोळ्यातून निघाला त्याने सगळ्यांना चहा पाजायचा असा आपल्याकडे रिवाज होता, तो मी पाजला. चहा पिता पिता मी म्हणालो, अजून टोचतंय. तुम्ही म्हणालात, "पावना गेला तरी पसारा रव्हतो घरात. उद्या नाय टोचनार." दुसऱ्या दिवशी खरंच कमी टोचलं, तिसऱ्या दिवशी नाही. खंडेनवमीला तुम्ही नारळ फोडलात.

मशीनच्या दारातून परत आलो त्या संध्याकाळी मला त्या कागदावरचा ठिपका पुन्हा पुन्हा दिसत होता. तुमचा चुंबक कधीच स्वच्छ नसायचा. दिवसभर ग्राइंडिंगजवळ खिशात राहून त्याला लोखंडी भुकटीची लव आलेली असायची. तो कोणत्याही कागदावर आपटला असता तरी ठिपका पडला असता. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, मी पदार्थविज्ञान शिकून आलो होतो. मग तुम्ही मला दाखवलात तो चोर कोणता? माझ्या डोळ्यातला, की रोजचाच कोणी? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही तुमचा स्वतःचा गॉगल माझ्या हातात ठेवलात, नवीन काचांचा, आणि आपण साधा वाचायचा चष्मा लावून कामाला उभे राहिलात. "कपालावर घालशील तर कपाल फोडीन," एवढंच म्हणालात. आजवर मी ती भेट समजून आलो. आता त्याच गॉगलकडे बघून मनात आलं, ज्याला कण निघाला नाही हे ठाऊक आहे, तोही असंच वागला असता. दसरा चार दिवसांवर होता. फळ्यावरचं शून्य तुम्हाला प्रिय होतं. मी तुमच्या बाजूने आणि तुमच्या विरुद्ध असे दोन्ही युक्तिवाद करत होतो. त्यात राग नव्हता, हे मात्र स्वतःला तपासून सांगतो. मला फक्त जाणून घ्यायचं होतं.

एक्सरे उल्हासनगरला काढला. दोन फिल्म काढतात, एक वर बघताना, एक खाली बघताना. मी विचारलं, का. एक्सरेवाले तरुण डॉक्टर खूश झाले, बहुतेक कोणी विचारत नसावं. म्हणाले, कण दिसला आणि तो डोळ्याबरोबर वर-खाली सरकला तर तो डोळ्याच्या आत. जागचा हलला नाही तर हाडात किंवा बाहेर कातडीत. किती साधं आणि किती हुशारीचं आहे बघा. मी त्या युक्तीच्या कौतुकात होतो तोवर त्यांनी ओली फिल्म दिव्यासमोर धरली. डाव्या डोळ्याच्या खोबणीत वरच्या बाजूला एक ठिपका होता, पांढरा, टाचणीच्या टोकाहून बारीक. दुसरी फिल्म धरली. ठिपका सरकला होता. थोडासा, पण सरकला होता.

"असू शकतं," डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर एमआरआय विसरा."

डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ आठवड्याने मिळाली. तो आठवडा मी कसा काढला ते सांगायला मला बरं वाटत नाही, पण सांगतो. मला सुईची भीती वाटत होती. बरगडीवर उजव्या बाजूला हात ठेवून झोपायची सवय लागली. आणि दिवसा मी तुमच्याशी भांडत होतो. माझ्या बायकोला तुम्ही एकदाच भेटलात, आमच्या लग्नात, जेवताना तिला म्हणालात की ह्याला घरात गॉगल घालायला लाव. ती मला म्हणाली, "अहो, म्हणजे ते खोटं बोलले असं तुम्हाला वाटतं?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणताय. भाजी निवडताना दोनदा म्हणालात, निघाला म्हणाले होते, निघाला म्हणाले होते."

"मला एवढंच कळत नाही, की त्यांना स्वतःला काय वाटत होतं. निघाला असं वाटून म्हणाले, की म्हणायचं म्हणून म्हणाले."

"आणि ते कळून तुमचं लिव्हर बरं होणार आहे का?"

नव्हतं होणार. पण मला ते दोन प्रश्न वेगळे ठेवता येत नव्हते. एका रविवारी मी कुळगावात तुमच्या घराच्या बाजूला गेलो. तुमच्या दाराबाहेर पापड वाळत होते, आणि तुमच्या पत्नी आत कोणाशी तरी मोठ्याने बोलत होत्या. मी जाऊन त्यांना काय विचारणार होतो? तुमचे यजमान खोटं बोलायचे का? मी तसाच सोनिवलीच्या रस्त्याने चालत राहिलो आणि नव्या इमारतींपर्यंत जाऊन परत आलो.

डोळ्यांच्या डॉक्टर उल्हासनगरच्याच, वयस्कर सिंधी बाई, आईसारख्या बोलणाऱ्या. त्यांनी माझी हनुवटी यंत्रावर टेकवली आणि डोळ्यात उजेडाची एक पट्टी सोडली. बराच वेळ बघत होत्या. बघता बघता गुणगुणत होत्या. मग म्हणाल्या, "बेटा, यहाँ एक पुराना निशान है, एकदम छोटा. यहाँ कुछ बैठा था. अभी नहीं है." डोळ्यात थेंब टाकून, थांबून, पुन्हा आत खोलवर बघितलं. "अंदर भी साफ है. बिलकुल साफ." मी एक्सरे पुढे केला. तो ठिपका? तो सरकला कसा? त्यांनी फिल्म बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या डाव्या पापणीवर बोट ठेवलं, भुवईच्या खाली. "ये तिल कब से है?"

मी म्हणालो, पहिल्यापासून असेल. बायको बरोबर होती. ती म्हणाली, लग्नाच्या फोटोत आहे. माझ्या आईने तर मुलगी बघायला जाताना कोणालातरी सांगितलंही होतं की डाव्या पापणीवर तीळ असलेला माणूस भाग्याचा असतो. डॉक्टर बाई हसायला लागल्या. "ये तिल नहीं है. ये लोहा है." डोळा वर केला की पापणीही वर जाते, आणि पापणीबरोबर तो ठिपकाही. म्हणून तो फिल्मवर सरकला होता. त्यांनी पापणी बधिर केली, सुईच्या टोकाने खरवडलं आणि माझं भाग्य कापसावर ठेवून मला दाखवलं. त्या दिवशीची दुसरी एक ठिणगी गरम असताना कातडीत शिरून तिथेच राहिली होती, निळसर काळी. बायको म्हणाली, सासूबाईंना सांगू नका.

मी विचारलं, म्हणजे डोळ्यातला दुसरा कण त्यांनी खरंच काढला होता? "किसने?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "निकाला होगा. आँसू में भी बह सकता है. वो मैं कैसे बताऊँ? पर तीली से आँख साफ करता था?" मी हो म्हणालो. काडीने डोळा पुसायची ती पद्धत किती डोळ्यांची वाट लावते यावर त्यांनी मला चांगलं सुनावलं, आणि तुमच्या वतीने मी ते खाली मान घालून ऐकून घेतलं. काडी वाईटच होती, उस्ताद. नोंद टाळायसाठी आपण जे करत होतो ते वाईटच होतं, फळा कितीही स्वच्छ असला तरी. पण तुम्ही डोळ्यात बघितलंत आणि डोळ्यात काही उरलं नाही. पापणीच्या वर तुम्ही बघितलंच नाहीत, कारण दुखत होता तो डोळा.

दुसरा एक्सरे काढला, त्यात ठिपका नव्हता, आणि मग मी एकदाचा त्या चुंबकाच्या आत गेलो. पोटाभोवती पट्टा बांधतात आणि बोगद्यात सरकवतात. आवाज आपल्या प्रेस शॉपसारखा, ठाकठाक ठाकठाक, मध्येच भोंगा, मध्येच एकदम शांत. कानात त्या बाईंचा आवाज येतो, श्वास घ्या, सोडा, रोखा. मी रोखतो. सगळे डॉक्टर डोळा साफ आहे म्हणालेले असतानाही मी डावा डोळा गच्च मिटून घेतलाय आणि तिथे काही ओढलं जातंय का ते बघतोय. काही होत नाही. माझ्या अंगातलं सगळं पाणी रांगेत उभं आहे आणि मला काहीच कळत नाहीये, याचंच आश्चर्य वाटत राहतं. लिव्हरही असंच इतकी वर्षं बदलत गेलं आणि मला काही कळलं नाही.

आठवड्याने आमचे डॉक्टर फिल्म उजेडावर लावून मला दाखवत होते. एकेक चकती, जणू कोणी मला आडवं कापून मांडलंय. लिव्हर राखाडी. "चरबी नाही, लोह साठलेलं नाही, गाठ कुठेही नाही. प्लीहा वाढलीय. आणि ही कड बघा," त्यांनी पेनचं टोक फिरवलं. चांगल्या लिव्हरची कड गुळगुळीत असते. माझी बारीक लहरी आलेली होती, जशी खराब चाकाने घासलेल्या लोखंडी तुकड्याची, जॉबची, येते. नखाने कड तपासायची माझी जुनी सवय, मी फिल्मवरून नख फिरवलं, आणि अर्थातच प्लॅस्टिक लागलं. ते धागे विणणारा विणकर आत बसलाय, हे नक्की झालं. पण तो किती पुढे गेलाय? डॉक्टर म्हणाले, मधल्या टप्प्यावर असावा असा अंदाज, नक्की नाही. सुईची घाई नको, औषध आहे ते महाग आणि सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, आपण विचार करू, दर सहा महिन्यांनी बघत राहू.

मी त्यांना विचारलं, कडकपणाच जाणून घ्यायचाय तर त्याला बाहेरून टिचकी का मारत नाहीत? कडक वस्तूतून थरथर वेगळ्या वेगाने जाते. पोटाला थोडं हलवायचं आणि त्याच मशीनने ती थरथर बघायची. ते आधी हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, कोणीतरी कुठेतरी करत असेलही. मला माहीत नाही. तुम्ही हे कुठे वाचलंत? मी म्हणालो, वाचलं नाही, ग्राइंडिंगला होतो. मला वाटतं त्यांना तो प्रश्न आवडला. मला तो अजून सोडत नाही. फुटलेल्या चाकाची आठवणही सोडत नाही. टिचकीलाही सगळं कळणार नाहीच.

हे इथवर लिहून झाल्यावर वाटलं, कुळगावात जाऊन हे तुमच्या पत्नींना वाचून दाखवावं. पण मग त्यांना आधी हे सांगावं लागेल की एक आठवडाभर मी तुम्हाला खोटं धरलं होतं, आणि त्या विचारतील, कशावरून? कशावरून याला माझ्याकडे फक्त एक मळकट चुंबक आहे. तेव्हा हे कागद माझ्याकडेच राहतील. तुम्हाला मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण वर मी तुमच्या शब्दाची फार काळजी होती असं लिहिलंय. त्या सिंधी डॉक्टरबाई अंदर साफ है म्हणाल्या तेव्हा माझ्या मनात फक्त एवढंच आलं, सुई टळली. तीळ निघाला, तुमच्याबद्दल विचारलं तेही नुसतं बोलता बोलता, पट्टी बांधली, आम्ही हसलो, जिना उतरलो. तुमचा शब्द खरा निघाला हे माझ्या लक्षात आलं ते बाहेर रिक्षा ठरवताना, आणि तेही बायको म्हणाली म्हणून.